तुळशीपत्राची अर्धी गोष्ट

शमे, मी एका जिवंत माणसाच्या तोंडात तुळशीपत्र ठेवलं होतं, हे तुला नव्याने सांगायला नको. तू आपल्या दोन घरांमधल्या भिंतीवरून मान उंच करून बघतच होतीस. पण वाचणाऱ्यांना सांगावं लागेल, नाहीतर पुढचा सगळा वैताग त्यांना कळायचा नाही.

लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. अंगात अक्कल कमी आणि उत्साह फार. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तापाने ओसरीवर पडले होते. दारव्ह्याच्या डॉक्टरांनी सुई दिली होती, उतरेल म्हणाले होते. घरचे सगळे तुरीच्या वावरात, आणि मी एकटी मामंजींवर पहारा करत बसलेली. दुपारी त्यांच्या घशातून घर्रर्र, घर्रर्र असा आवाज यायला लागला. लहानपणी माहेरी माझ्या आजीला शेवटची घरघर लागलेली मी पाहिली होती. तेवढ्या अनुभवावर मी स्वतःला या विषयातली जाणकार समजत होते! धावले. देवघरातल्या गंगाजलाच्या लोटीचं सील दगडाने फोडलं, तुळशीचं पान खुडलं. मामंजींचं तोंड उघडं होतंच. पान ठेवलं, वरून पाणी सोडलं, आणि असा गळा काढला की अर्धी गल्ली गोळा झाली.

मामंजींना ठसका लागला आणि ते उठून बसले. ते घोरत होते.

"सूनबाई, थे पान काढ तोंडातून, मी काई मेलो नाई," ते म्हणाले.

त्यानंतर ते चांगली बारा-तेरा वर्षं जगले, आणि माझ्या हातचं पाणी पिताना दर वेळी आधी पेल्यात वाकून बघायचे.

ही गोष्ट मी जन्मभर सांगत आले. नातवंडं अजून मागे लागतात, "आजी, ते घोरून दाखव ना." मी घोरते, गळा काढते, मामंजींसारखी डोळे वटारून उठून बसते. "मी काई मेलो नाई" म्हटलं की हशा पिकतो, आणि मी तिथेच थांबते. फक्त तू हसायची नाहीस. रजईला टाका घालता घालता मान वर न करता म्हणायचीस, "अर्धी सांगते तू. पूरी सांग ना."

"पुढं हसू नाही वं त्यात."

"मंग? गोष्टीत निस्तं हसूच पायजे काय?"

जवळपास पन्नास वर्षं आपण यावर भांडलो. भांडण मिटलं नाही आणि तू निघून गेलीस. तुझ्या चाळिसाव्या दिवसाला अजून अवकाश आहे. राग मात्र मला आत्ताच आलेला आहे, आणि कोणावर काढावा ते कळत नाही. म्हणून तुलाच लिहिते. तू निदान मध्ये बोलणार नाहीस.

त्या फजितीतून मी एकच धडा घेतला, आणि तोच नेमका चुकीचा. जिवंत माणसाजवळ मरणाचं सामान न्यायचं नाही, एवढंच मला कळलं. कोणी आजाऱ्याला "काय इच्छा आहे" विचारलं तरी मी त्याला गप्प करायची. आपल्या बोरी गावात कोणाकडे दुखणं असलं की मी जाऊन सांगायची, "काही होत नाही, लढा." स्वतःला मोठी धीराची समजत होते. मूर्ख बाई.

तुझ्या छातीचं दुखणं जुनं. रफीकभाई, तुझे मालक, कापूस पिंजायचे आणि तू रजया शिवायचीस. रुईचा कीस असा उडायचा की विशीत तुझ्या भुवया पांढऱ्या दिसायच्या. मी चिडवायची, "म्हातारी झाली वं शमी." तू म्हणायचीस, "तू घे ना मंग हा मेकअप." तोच कीस तुझ्या छातीत जाऊन बसला. दरवर्षी थंडीत खोकला, दरवर्षी पंप, दरवर्षी "हे तर नेहमीचंच." यंदा ताप आला, ओठ निळे पडले आणि तुझ्या मुलाने, सलीमने, तुला गाडीत घालून यवतमाळ गाठलं. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात वेगळं घडलं असतं असंही मला वाटत नाही.

अतिदक्षता विभाग. दक्षता खरंच अति होती, मी खोटं बोलणार नाही. घशात श्वासाची नळी, नाकातून जेवणाची, बोटाला चिमटा. जरा काही घसरलं की टीं टीं वाजायचं आणि सिस्टर धावायची. शमे, त्यांनी तुला त्या दिवसांत मरू दिलं नाही, त्यासाठी मी त्यांच्या पाया पडेन. पण माणसाला तहान लागली तर वाजेल असं एकही यंत्र त्या खोलीत नव्हतं.

मी रोज एसटीने यायची. लोहाऱ्याचे कारखाने दिसायला लागले, म्हणजे यवतमाळ जवळ आलं, की मी उठून दाराशी उभी राहायची. कळंबच्या चिंतामणीला नवस बोलले, "शमीला सोडव." कशातून सोडव ते सांगायचं राहिलं. देवालाही अर्धंच सांगायची खोड माझी.

एका संध्याकाळी बाहेरच्या बाकावर सलीम आणि मी बसलो होतो. एक तरुण डॉक्टरीण आली, पुसदकडच्या तांड्यावरची पोर. तिच्या गोर बोलीत आईला याडी म्हणतात. तिने मलाही याडीच म्हटलं. म्हणाली, "मी पॅलिएटिव्ह केअरची डॉक्टर." नाव असं की ऐकूनच दम लागावा.

"मतलब क्या, मॅडम?" सलीमने विचारलं.

"आजींचा इलाज आहे तसाच चालू राहील. त्याच्या सोबतीनं त्यांचा दम, दुखणं, भीती, तहान, हे मी बघीन. आणि शुद्धीवर असल्या की त्यांनाच विचारू, काय पाहिजे, काय नको."

शेजारच्या बाकावरचा एक माणूस सलीमच्या कानाशी वाकला. "भाऊ, हे लोक शेवटाले येतात. माया सासऱ्याच्या वक्ताले आल्ते. तिसऱ्या दिवशी नेलं आमी त्यायले घरी."

सलीमने माझ्याकडे पाहिलं. रफीकभाई गेल्यापासून त्या घरात मोठं कोणी नाही. वडीलधारी म्हणून इंदूखालाच, म्हणजे मी. आणि इंदूखालाने काय केलं? पदर खोचला आणि म्हणाली, "पोरी, आमी अजून हरलो नाही. तुझं तुळशीपत्र तू घेऊन जा."

तुळशीपत्राचा तिला काय संदर्भ? पण सूर कळला. "बरं याडी. मंगळवारी आणि शुक्रवारी मी असते," म्हणाली आणि गेली.

शमे, हे तुला मी कधी सांगितलंच नाही. त्या दिवशी एसटीत मी ताठ बसून आले. मला वाटत होतं, या वेळी मी पान ठेवू दिलं नाही, मी तुला वाचवलं!

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. तुझे दोन्ही हात पलंगाच्या कठड्याला पट्टीने बांधलेले होते. नळी ओढशील म्हणून. बोटं मात्र चालू होती. अंगठा आणि तर्जनी जवळ यायची, दूर जायची. हवेत रजई शिवत होतीस की काय कोण जाणे. ओठांना भेगा पडल्या होत्या, एका भेगेत रक्त वाळलेलं. मला पाहिलंस, बोटं थांबली, मूठ वळली आणि अंगठा वर झाला, तोंडाकडे. हात उचलता येत नव्हता म्हणून नुसता अंगठा. रमजानमध्ये अजानच्या आधी भिंतीवरून तू मला असाच अंगठा दाखवायचीस, घसा सुकला वं म्हणून, आणि मी मुद्दाम तुझ्यासमोर गटागटा ताक प्यायची. तेव्हाची ती सगळी ताकं माझ्या घशाशी आली.

मी सिस्टरला म्हटलं, "तिला पाणी पाहिजे."

"आजी, नळी आहे घशात. पाणी नाही देता येत."

"मग ओठ तरी ओले कर."

"सकाळी केले होते."

"सकाळी! तू सकाळी प्यायलेल्या पाण्यावर रात्र काढतेस काय?"

तिचाही दोष नव्हता. एकटी पोर, इतके पलंग, एकीकडे एकाचं टीं टीं चाललेलं. मोठे डॉक्टर आले. मी विचारलं, "हिला त्रास होतो आहे, त्याचं काय?" त्यांनी यंत्राकडे बघितलं. तुझ्याकडे नाही. म्हणाले, "पेशंट स्टेबल आहे."

"अहो, स्टेबल तर विजेचा खांबही असतो!" मी म्हटलं. मला बाहेर काढलं.

बाकावर बसून मला मामंजी आठवले. गोष्टीतले नाहीत, खरे. उरलेल्या अर्ध्या गोष्टीतले. आणि मला इतका संताप आला स्वतःचा की काय सांगू. उठले, त्या पोरीला शोधायला. दवाखानाभर फिरले. तो दिवस मंगळवार नव्हता आणि शुक्रवारही नव्हता. वेदनेलाही वार बघून यावं लागतं का हो, असं मी एका शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "काऊंटरवर विचारा."

शुक्रवारी ती भेटली. मी हात जोडायला गेले तर तिने हात धरले.

"पोरी, चुकलं माझं. मले वाटलं, तुमी मराच्या आधी येता."

"याडी, आम्हाला दुखायच्या आधी यायचं असतं. बोलावतात मात्र मराच्या आधी. मग आम्ही आलो की माणूस जातो, आणि लोक म्हणतात, या आल्या म्हणून गेला."

ती चिडून बोलली. मला बरं वाटलं. त्या इमारतीत माझ्याइतकं चिडलेलं दुसरं कोणी तरी होतं.

मग ती आणि मोठे डॉक्टर तुझ्या पलंगाशी उभे राहिले. मी काचेपलीकडे. दार अर्धं उघडं होतं, म्हणून ऐकू येत होतं. ते म्हणाले, "मॉर्फीनने श्वास दबेल." ती म्हणाली, "अगदी थोडं देते सर. मॉनिटर तर समोरच आहे." बराच वेळ चाललं. शेवटी त्यांनी मान हलवली. मला कळत नाही शमे, हे दोघं पहिल्याच दिवशी एका पलंगाशी उभे राहिले असते तर काय पलंग मोडला असता? एक श्वास सांभाळणारा आणि एक श्वास घेणारीला सांभाळणारी. आपल्याकडे रजई करताना एकजण पिंजतो, एकजण शिवतो. पिंजणारा कधी म्हणतो का, की आधी माझं पूर्ण हरू दे, मग तू सुई घे?

सुई टोचल्यावर थोड्या वेळाने तुझ्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या. नळी तशीच, तापाची औषधं तशीच, यंत्र तसंच. फक्त आता सिस्टर ओल्या कापसाच्या बोळ्याने वरचेवर तुझे ओठ पुसत होती, आणि आमच्यापैकी एक जण जवळ बसला की तुझे हात सोडत होते. सलीमने तुझा हात हातात घेतला आणि पोरासारखा रडला. पुढे काही दिवसांनी नळी निघाली. कोणत्या औषधाने निघाली ते मला विचारू नये. दोन्ही चालू होती.

नळी निघाल्यावर तुझा पहिला आवाज. फाटलेल्या पत्र्यासारखा. "इंदे, रोजा बी सांजी सुटते वं. ह्या दवाखान्याचा कवा सुटते?"

डॉक्टरीणबाईने गिळता येतं का ते तपासून तुला चमच्याने पाणी दिलं. सलीमने खिशातून मक्केहून आलेल्या जमजमच्या पाण्याची बाटली काढली, तर तू म्हणालीस, "आधी नळाचं दे. ते ठेव मराच्या वक्ताले." सलीमचं तोंड उतरलं. मी हसले. तूही हसलीस आणि लगेच धाप लागली, आणि सिस्टर आम्हाला रागावली.

मग ती पोर खुर्ची ओढून बसली आणि तिने विचारलं, जे तोवर त्या दवाखान्यात तुला कोणीच विचारलं नव्हतं. पुन्हा दम वाढला तर काय करायचं?

तू मास्क बाजूला करून एकेक शब्द बोललीस. "नळी परत नको. मास्क चालते. सुई, दवा, सारं चालते. हात बांधाचे नाई. आन ही इंदी बाजूले बसून बकबक करन, ते बी चालते."

"अम्मी, ऐसा मत बोलो," सलीम म्हणाला.

"तेरे को नई पूछे. मेरे को पूछे."

मी ते ऐकलं आणि मनात म्हटलं, बोलू दे, बरी झाली की विसरेल. बघ, तेव्हासुद्धा मी शहाणी झाले नव्हते.

ते दिवस आपल्याला मिळाले. मोजायचे नाहीत ते. मी तुझ्या केसांना तेल लावलं, तू माझ्या वेणीला शेपूट म्हणालीस. सुनेच्या टाक्यांना नावं ठेवलीस आणि तीच रजई अंगावर घेतलीस. रोज मी ठरवून यायची, आज सांगते, त्या पोरीला मी हाकललं होतं, तुझे ते तहानेचे दिवस माझ्यामुळे लांबले. तोंड उघडायची, तर तू म्हणायचीस, "काय वं, चेहरा कायले पाडला? मी मेलो काय?" अगदी मामंजींच्या सुरात. आणि माझं सांगायचं उद्यावर जायचं.

पुन्हा दम वाढला तेव्हा मी तुझ्याशी भांडले. हो, तेही लिहिते. तुझ्या तोंडावर मास्क होता, औषध चालू होतं, तू शांत होतीस आणि मी नव्हते. कानाशी वाकून म्हटलं, "एकदा घे ना वं नळी. माझ्यासाठी घे." तू मान हलवलीस. नाही. मी पुन्हा म्हटलं. तू माझ्या हाताला चिमटा काढलास. कसला मरणाचा जोर, चांगला चिमटा होता. निळा डाग आता पिवळा झाला आहे. तो जाऊ नये असं मला वाटतं. तुझा हट्ट मला अजून मान्य नाही, शमे. तुझं बरोबर होतं हे मला ठाऊक आहे आणि तरी मान्य नाही. हे भांडण मी चालू ठेवणार.

भर दुपारी गेलीस. यंत्राचा आवाज त्यांनी बंद केला होता. सलीमने कलमा म्हटला आणि जमजमने ओठ ओले केले. हात सुटे होते. एक त्याच्या हातात, एक माझ्या. मी तुळशीपत्र आणलं नव्हतं, शपथेवर सांगते. पण बकबक केली, सांगितल्याप्रमाणे.

इथे संपलं असतं तर मी एवढी चिडले नसते. पण बोरीत परत आलो आणि लोकांची तोंडं सुरू झाली. "ते नशेची सुई देल्ली म्हने, म्हनून गेली." "पोरानं नळी नको म्हनलं म्हने." रजयांच्या बंद दुकानासमोर उभं राहून, मागच्या घरात सलीमला ऐकू जाईल असं. जी सुई मिळून तू बोललीस, हसलीस, पाणी प्यालीस, तीच सुई आता खुनी ठरली. आधीच्या त्या दिवसांबद्दल कोणी बोलत नाही, जेव्हा तुझे हात बांधलेले होते. ते म्हणे इलाज होते.

सलीमने दुकान उघडलेलं नाही. काल दुपारी तो आमच्या ओसरीवर येऊन बसला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मग म्हणाला, "खाला, सच बोलना. मैंने जल्दी तो नई की?"

पन्नाशीकडे झुकलेला माणूस, आणि विचारताना त्याची हनुवटी तशीच थरथरली, जशी लहानपणी पतंग तुटल्यावर थरथरायची. मला कळलं, हा हे ओझं घेऊन जन्मभर फिरणार. याच्यापुढे माझी लाज काय मोठी?

म्हटलं, "जल्दी नाही केली बाबा. उशीर झाला. आणि तो तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे. त्या डॉक्टरीणबाईला पहिल्याच दिवशी मी हाकललं नसतं, तर तुझी माय तेवढे दिवस कमी तहानली असती."

मग म्हटलं, "तुला मामंजीची गोष्ट सांगते."

"वो मालूम है, खाला." तो कसंनुसं हसला. "मी काई मेलो नाई."

"अर्धी मालूम आहे. तुझी माय पन्नास वर्षं पूरी सांग म्हणत होती."

आणि मी सांगितली, शमे. घोरून न दाखवता. पान काढलं आणि मी लाजेने माजघरात पळाले, आतून कडी लावली. मामंजींचं बोलणं अजून संपलं नव्हतं, ते मागून मलाच सांगत होते, आणि मी ऐकूनही कडी काढली नाही. जमलेली गल्ली हसण्यात दंग होती; भिंतीपलीकडून ते तू ऐकलंस, आपला भरलेला लोटा भिंतीवरून पुढे केलास, आणि तुझ्या हातचं पाणी ते प्याले. आमच्या घरात त्यावरून धुसफूस झाली ती वेगळी. मी ही अर्धी गोष्ट झाकली, कारण तिच्यात हसू नव्हतं आणि मीही नव्हते.

"क्या बोले थे वो?" सलीमने विचारलं.

मामंजी म्हणाले होते, "सूनबाई, थे पान काढ तोंडातून, मी काई मेलो नाई. पन पानी लय गोड लागलं बाप्पा. सकायपासून तोंड कोरडं पडलं, कोनं पुसलं नाई. आनखी घोटभर दे."